झुंबरबाईचे बिनचुलीचे तीन दिवस

जानेफळच्या झुंबरबाईनं एका पहाटे काथवटीत पीठ घेतलं, त्यावर ऊन पाणी ओतलं आणि हात पिठात घालायच्या ऐवजी मांडीवर ठेवून ती नुसती बसून राहिली. चूल पेटली होती. तवा तापून पांढरा पडला होता. ओसरीवर तीन सालदार न्याहारीची वाट पाहत खोकत होते. मोठी सून कौशल्या पाण्याचा गुंड घेऊन आत आली आणि सासूला तशी पाहून दारातच थबकली.

"काय झालं आत्याबाई? चटका बसला का?"

"नाही."

"मंग?"

"कंटाळा आला."

या घरात कोणाला ताप यायचा, कोणाची कंबर धरायची, कोणाला विंचू चावायचा. कंटाळा आजवर कोणाला आला नव्हता. कौशल्यानं गुंड खाली ठेवला आणि ती तशीच गोठ्यात सासऱ्याला सांगायला गेली.

झुंबरबाई तेराव्या वर्षी या घरात आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशी सासूनं तिला चुलीपुढं बसवलं, त्याला आता छत्तीस वर्षं झाली होती. या छत्तीस वर्षांत तिनं चार लेकरं वाढवली, एक मसणात पोहोचवलं, सासू-सासऱ्यांचं केलं, दोन सुना आणल्या, एक लेक दिली. सुना कामाच्या होत्या. पण पहाटेच्या भाकरी तिच्याकडेच राहिल्या. तिच्या हाताला माप होतं. कोणत्या गड्याला किती लागतात, कोणाचं पोट बिघडलं, कोण भांडून उपाशी निजला, हे तिला न विचारता कळायचं. आणि अलीकडं दोन वर्षांपासून घरात हायब्रीडची ज्वारी आली होती. पीक उदंड, कणगी गळ्यापर्यंत भरलेली. पण पिठाला चिकटपणा नाही. ऊन पाणी घालून मळा, बोटं भाजून घ्या, तरी भाकर तव्यावर टाकता टाकता काठाला फाटायची. पूर्वी चाळीस भाकरी बोलता बोलता व्हायच्या. आता पंचवीस केल्या की मनगटं भरून यायची. सरकारचा माणूस येऊन पिकाचं कौतुक करून गेला. भाकर कशी थापता, हे त्यानं कोणाला विचारलं नाही.

कडूबा गोठ्यातून आला. हा माणूस बोलायला कमी आणि बैलाची नजर असलेला. चालत्या बैलाचा खांदा दुखतो आहे, हे तो शंभर पावलांवरून सांगायचा. त्यानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पाणी शिंपडलं आणि तो बायकोपुढं उकिडवा बसला.

"वैद्याकडं जाचं का?"

"वैद्य काय करन? मले दुखत नाही कुठी."

"मंग काय पाह्यजे तुले?"

झुंबरबाईनं बराच विचार केला. काय पाहिजे, असं तिला आजवर कोणी विचारलेलं नव्हतं.

"तीन दिवस मले चुलीपुढं बसा लागू नये," ती म्हणाली. "बस. दुसऱ्यानं केलेलं, आयतं खाईन. कसंही असो."

"घरीच बस ना मंग. सुना हायेत."

"घरी राह्यली तं उठतेच मी. तुमाले मालूम नाही का?"

कडूबाला मालूम होतं. जुवात बसलेल्या बैलाला मारून उठवता येतं, पण शहाणा माणूस जू सोडतो. त्यानं शुक्रवारी पहाटे गाडी जुंपायचं ठरवलं. मेहकर करून लोणारला जायचं, तिथल्या धारेवर अंघोळ करायची, रविवारी परत. वाटेत जिथं जे मिळेल ते खायचं, गाडीखाली निजायचं.

कौशल्यानं गाडीत पीठ, तवा, तिखटमीठ ठेवलं. झुंबरबाईनं एकेक करून सगळं खाली उतरवलं.

"आत्याबाई, तवा तरी राहू द्या."

"नोको. तवा संग असला का तो मले पाह्यत राह्यते."

गावाबाहेर पडताना पारावर पुंजाजी दात घासत बसला होता. कडूबाच्या बरोबरीचा, जिभेचा लांब.

"काय बे कडूबा, म्हातारीले कुठी घेऊन चालला?"

"लोणारले. खाऱ्या पाण्यात बुडवून आणतो."

"हाव, आण बापा. खारवली का टिकते चार वर्सं."

"तुमच्या बायकोले पाठवा लोंच्याच्या बरणीत," झुंबरबाई पदराआडून म्हणाली आणि पुंजाजीच्या तोंडातलं राखुंडीचं पाणी बाहेर आलं.

मेहकरात पोचेस्तोवर ऊन चढलं होतं. कडूबानं बाजाराच्या कडेला लिंबाखाली बैल सोडले. हॉटेलात बाईमाणसानं बसायची तेव्हा रीत नव्हती. झुंबरबाई गाडीच्या सावलीत बसली आणि कडूबानं पळसाच्या पानात भजी, मिरच्या आणि कागदात जिलबी आणली. त्यानं पान दोघांमध्ये ठेवलं आणि खायला लागला. ती बघत राहिली.

"काय पाह्यतं?"

"तुमचं होऊ द्या."

"अवं, एकाच पानात हाये सारं. माहं झालं म्हणजे संपलंच."

ही अडचण तिच्या लक्षात आली नव्हती. नवऱ्यासोबत एका पानात, भर बाजारात, ती कधी जेवली नव्हती. तिनं बैलांकडं तोंड फिरवलं आणि मागं हात करून एक भजं उचललं.

"बेसन जुनं हाये याचं," ती चावत म्हणाली. "वास लपवाले ओवा टाकला लय."

"तुले म्हटलं होतं ना, आयतं खाचं. आयत्याले नाव नाही ठेवा."

"नाव नाही ठेवून राह्यली. सांगून राह्यली."

सहा भजी आणि जिलबीचे दोन वेढे तिनं खाल्ले. मग पैनगंगा ओलांडून ते पुढं निघाले. माघ महिना होता, शेताशेतांत हरभरा घाट्यांना आला होता. एका बांधावर एक बाई हिरव्या हरभऱ्याचे डहाळे काटक्यांवर भाजत होती. तिनं अनोळखी गाडीला हाक मारून थांबवलं आणि दोघांच्या ओंजळीत गरम, काळे घाटे ओतले. झुंबरबाईची बोटं सोलून सोलून काळी झाली. दुसऱ्याच्या विस्तवावरचं, दुसऱ्याच्या हातचं. तिच्या तोंडावर दिवसभरात पहिल्यांदा काहीतरी ढिलं पडलं. त्या बाईलाही बसायला वेळ नव्हता. घाटे देता देता ती उठली आणि पाणी वळवायला गेली.

संध्याकाळी एका विहिरीजवळच्या चिंचेखाली त्यांनी गाडी सोडली. मेहकरात घेतलेल्या चिवड्यात कांदा फोडून खाल्ला आणि दिवस बुडताच ती झोपली. पहाटे नेहमीच्या वेळेला तिचे डोळे उघडले. उठायचं कारण नव्हतं. तरी हात आपोआप केस बांधायला वर गेले होते, ते तिनं खाली घेतले. बैल रवंथ करत होते. आपल्याला एवढा थकवा आहे हे तिला तिथं, गाडीखाली पडल्यापडल्या, कळलं. घरी ते कळायला सवड नव्हती.

दुसरा दिवस शनिवार. वाटेत पळसखेड लागायचं. पळसखेडात त्यांची लेक शालू दिली होती. लेकीच्या गावावरून जायचं आणि थांबायचं नाही, असं चालत नाही. पण थांबण्यातही एक गोम होती. शालूच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि पोटी अजून मूल नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत मायबापानं तिच्या घरचं शिजवलेलं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी त्यांच्याकडं रीत. खाल्लं तर लेकीची ओटी भरत नाही म्हणतात. म्हणून कडूबानं बेत केला होता, की गावाबाहेरच्या मारोतीपाशी घडीभर गाडी उभी करायची, शालूला निरोप धाडायचा, तोंड पाहायचं आणि निघायचं.

झालं वेगळं. मारोतीच्या पारावर शालूचे सासरे अर्जुनरावच बसले होते. त्यांनी बैलांचे कासरे हातात घेतले आणि जू खाली ठेवलं.

"इवाई, असे चोरावानी चालले का?"

"चोरावानी नाही इवाई. लोणारले जाऊन राह्यलो. लेकीले पाह्यलं का निघतो."

"निघा ना. पण उपाशी निघान तं लोक मले खातीन."

थोड्या वेळानं शालू आणि तिची सासू अन्नपूर्णाबाई आल्या. अन्नपूर्णाबाईच्या हातात सूप होतं. सुपात गव्हाचं जाडसर पीठ, तुरीची डाळ, आठ-दहा काटेरी वांगी, कांदे, गूळ, तेल-मीठ, ओव्याची पुडी, तुपाची वाटी. शिधा. शिजवलेलं चालत नाही म्हणून कच्चं आणलेलं. कच्च्या धान्याला दोष नाही. ते पाहुण्यांनी आपल्या हातानं रांधायचं आणि खाऊनच उठायचं. शिधा परत केला तर तो त्या घराचा अपमान.

"बसा इहीणबाई, घाईनं आणलं," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "गोवऱ्या मांगून येतेत."

झुंबरबाईनं सुपाकडं पाहिलं. सोयऱ्यांसमोर जे हसू ठेवायचं ते तिनं ठेवलं, पण कडूबाला तिचे खांदे दिसले. अर्जुनराव बैल पाण्यावर घेऊन गेले आणि अन्नपूर्णाबाई शालूला घेऊन गोवऱ्या आणायला वळली, तसा तो हळू आवाजात म्हणाला, "तू उठू नोको. मी करतो."

"काय करता?"

"रोडगे. गोवऱ्यात भाजाचे, तवा नाही लागत."

"तुमी?"

"मंग कोण? दरसाल मारोतीच्या भंडाऱ्यात दोनशे माणसाचे रोडगे कोण लावते?"

"दोनशाचे लावता. घरी दोघाचे कधी लावले?"

 कडूबानं बाह्या सारल्या आणि पारापाशी चवड्यांवर बसून पीठ मळायला घेतलं. तेल-मीठ, ओवा, घट्ट मळणी. हात चांगला चालत होता. झुंबरबाई झाडाच्या बुडाशी टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

पण गाव म्हणजे डोळेच डोळे. विहिरीवर चाललेल्या दोघी थांबल्या. मग चौघी. बाई पाय लांब करून बसली आहे आणि तिचा मालक कणीक मळतो आहे, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. शालू गोवऱ्या घेऊन आली, तिनं बापाला पाहिलं आणि तिच्या डोक्यावरचा पदर आणखी चार बोटं खाली आला. आधीच चार वर्षं झाली, पाळणा नाही. वरून मायची ही चाल. उद्या पाणवठ्यावर काय काय बोललं जाईल, ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

"माय, ऊठ ना व," ती कानाशी येऊन पुटपुटली. "लोक पाहून राह्यले."

झुंबरबाईनं डोळे उघडले. लेकीचं तोंड पाहिलं आणि उठायला जमिनीवर हात टेकला.

तेवढ्यात अर्जुनराव बैल घेऊन परत आले. "इवाई, हे काय बापा? इहीणबाई बिमार हायेत का?"

हो म्हटलं तर आजारी माणसाला वणवण फिरवतो म्हणून बोल. नाही म्हटलं तर लेकीवर बोल. कडूबानं पिठाचे हात वर धरले, समोर शेंदूर फासलेला मारोती होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नवस हाये इवाई. मारोतीचा. गड्यानंच करा लागते."

अर्जुनरावांचा चेहरा उजळला. "असं म्हणा ना मंग. शनिवारचाच धरला वार." मग ते थोडे गंभीर झाले. "पण नवसाचे रोडगे दोघानं खाचे नसतात. आळीले सांगा लागते."

कडूबा काही बोलायच्या आत सांगावा गेला होता.

अर्ध्या घंट्यात घराघरांतून ओंजळ ओंजळ पीठ आलं, वांगी आली, कोणी तेल आणलं, कोणी पळसाची पानं. गड्यांनी गोवऱ्यांची लांबलचक आर पेटवली. दोघांचं रांधण चाळीस माणसांचं झालं. कडूबा घामानं भिजला. एवढ्या कणकीला गडी पुरेनात, तशा 'मळणं तेवढं गड्याचं' म्हणत बायका मदतीला बसल्या. अन्नपूर्णाबाई वांगी चिरायला, शालू गोळे वळायला.

हे सारं आपल्यापायी, म्हणून झुंबरबाई लाजेनं उठायला लागली. तेव्हा जनकाबाई नावाच्या एका म्हातारीनं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

"तू कुठी चालली? नवसाच्या धनिणीनं दिव्यापाशी बसा लागते. पंगत उठेस्तोवर उठा नाही."

"आजीबाई, हातभार तरी—"

"हात लावशीन तं नवस फिटत नाही. गुमान बस."

म्हातारीनं मारोतीपुढं दिवा लावला, झुंबरबाईला भिंतीशी बसवलं आणि स्वतः तिच्यावर पहारा ठेवून सुपारी कातरत बसली.

झुंबरबाई बसली. पहिला काही वेळ तिला मांडीवरच्या हातांचं काय करावं समजेना. शालू गोळे लहान-मोठे वळत होती. लहान करपणार, मोठे आत कच्चे राहणार. सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं तर जनकाबाई डोळे वटारायची. अन्नपूर्णाबाई वांगी चिरता चिरता मध्येच थांबून बोटं चोळत होती; तिची बोटं सांध्यांत सुजलेली, वाकडी. ही बाईसुद्धा वीस-पंचवीस भाकरींनंतर मनगट धरत असणार. झुंबरबाईला वाटलं, तिच्याजवळ जाऊन बसावं, तिलाही दिव्यापाशी बसवावं. पण एका नवसाला धनीण एकच.

धूर झाला, विझला. राखेतून रोडगे काढले, पोत्यात घोळून राख झटकली. पंगत बसली. दुसरी बसली. झुंबरबाईचं डोकं भिंतीला टेकलं. भोवती गलका होता, कोणी वरण मागत होतं, कोणी कडूबाच्या हाताची तारीफ करत होतं, आणि ती बसल्या जागी गाढ झोपून गेली. जनकाबाईनं तिला उठवलं नाही. दिवा विझू नये म्हणून तेवढी ती तेल घालत राहिली.

तिला जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. माणसं पांगली होती. कडूबा गाडीच्या चाकाला टेकून बसला होता, तळहात फुगलेले, मिशीवर राख. नवसाच्या जोडप्यानं शेवटी खायचं. शालूनं बापापुढं पान ठेवलं आणि मायची पत्रावळ घेऊन आली. फोडलेला रोडगा, त्यावर तूप, वांग्याची भाजी, वरण, आणि पाण्याचा तांब्या. ती मायच्या पुढं बसली.

"माय, जेव. देवाचं हाये, याले दोष नाही. जनकाआजीनं सांगतलं." मग खालच्या आवाजात, "चार वर्सांत पह्यल्यांदा सासरी माह्या हातचं."

झुंबरबाईनं हात पुढं केला आणि मागं घेतला.

देवाचं असतं तर दोष नव्हता. पण देवाचं कुठं होतं? नवस नव्हता, कडूबाचं तोंड सुटलं होतं एवढंच. नवस नाही तर हे अन्न अन्नपूर्णाबाईच्या पिठाचं, शालूच्या हातचं. लेकीच्या घरचं. खाल्लं आणि उद्या पोरीची ओटी रिकामी राहिली तर? पोट भुकेनं चिकटलं होतं. समोर आयतं वाढलेलं ताट होतं, ज्यासाठी ती घर सोडून निघाली होती. तिनं चाकाशी बसलेल्या कडूबाकडं पाहिलं. त्यालाही तेच कळलं असावं. त्यानं आपल्या पानाला हात लावला नव्हता. तो मान खाली घालून बसला होता.

शालूच्या चेहऱ्यावर वाट पाहणं होतं. न खावं तर त्या पोरीला काय सांगावं? तुझा बाप खोटं बोलला म्हणावं?

झुंबरबाई मारोतीकडं वळली. तिनं हात जोडले नाहीत, ते जडच झाले होते. ओठातल्या ओठात ती बोलली.

"बापा, नवस नव्हता. तुलेही मालूम हाये. पण चाळीस माणसं जेवून गेले, म्हणजे फिटला तं हाये. आता मी बोलून राह्यली. या पोरीची ओटी भर. लोक पह्यले बोलतात, मंग फेडतात. आमचं पह्यले फेडणं झालं. तुह्यावर हाये आता."

मारोती शेंदरात होता तसाच होता. झुंबरबाईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग कडूबाला म्हणाली, "जेवा तुमी. झालं बरोबर."

"काय झालं?"

"जेवा म्हटलं ना."

त्यानं घास उचलला. मग तिनं उचलला. रोडगा एका अंगानं करपलेला आणि मध्ये कच्चा होता, भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. तिनं तूप चोळून चोळून खाल्लं. शालूनं न विचारताच पुन्हा वरण वाढलं. झुंबरबाईनं ते नको म्हटलं नाही.

"माय," शालू आणखी जवळ सरकली. "नवस कायचा होता व? मले काहीच सांगतलं नाही तुमी."

झुंबरबाईनं तोंडातला घास सावकाश गिळला आणि तांब्या उचलून लेकीच्या घरचं पाणी घटाघटा प्याली.

"सांगते," ती म्हणाली. "मले आधी खाऊ दे."